साखळी करवत : दोषनिदान व दुरुस्ती

साखळी करवत : लांबट पात्याच्या कडेने वेगाने फिरणाऱ्या दातेरी साखळीने लाकूड कापणारे, बहुधा लहान पेट्रोल एंजिनावर चालणारे व हातात धरून वापरावयाचे यंत्र. बोलीभाषेत यास ‘कटर मशीन’ असेही म्हणतात. वृक्षतोडीचा व्यवसाय करणाऱ्याची करवत दिवसाचे अनेक तास पूर्ण वेगाने चालते. त्यामुळे तिच्यातील दोष घरगुती वापराच्या करवतीतील दोषांपेक्षा वेगळ्या स्वरूपाचे असतात. एखादा सुटा भाग एकाएकी निकामी होण्यापेक्षा अनेक भागांची थोडीथोडी झीज एकत्र येऊन एंजिन बिघडणे, हे अशा यंत्राचे वैशिष्ट्य होय. प्रस्तुत नोंदीत या झिजलेल्या करवतींचे दोषनिदान व दुरुस्ती यांचे विवेचन केले असून उदाहरणे मुख्यत्वे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील परिस्थितीवरून घेतली आहेत.

पूर्वपीठिका : दातेरी साखळीने कापण्याची कल्पना प्रथम शस्त्रक्रियेत वापरली गेली. बेर्नहार्ट हाइन या जर्मन तंत्रज्ञाने १८३० मध्ये हाडे कापण्यासाठी असे हातचलित उपकरण तयार केले. लाकडासाठी आंड्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये विजेवर चालणारी करवत बनविली. तिचे वजन सु. ६४ किग्रॅ. असून ती चालविण्यास दोन माणसे लागत. एमिल लेर्प यांची पेट्रोल एंजिनावरील करवत १९२७ मध्ये आली. आजची साखळी मात्र जोसेफ कॉक्स या अमेरिकन लाकूडतोड्याच्या निरीक्षणातून निघाली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावीउजवीकडे आळीपाळीने चावे घेत पुढे सरकते, हे पाहून त्यांनी डावे व उजवे दात एकाआड एक असलेली साखळी १९४७ मध्ये बाजारात आणली. कोणत्याही स्थितीत धरले तरी इंधन पुरविणारा पडद्याचा कार्ब्युरेटर प्रचारात आल्यावर करवत आडवी, उभी वा तिरपी धरून चालविणे शक्य झाले. दुरुस्तीच्या दृष्टीने हा पडदाच पुढे सर्वांत नाजूक भाग ठरला.

जिल्ह्यातील वापर : बालाघाटच्या पठारावरील या जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. येडशी रामलिंग घाट अभयारण्यासारखे तुकडे वगळता झाडे आहेत ती शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी, गायरानात व रस्त्याकडेला. बाभूळ, कडुनिंब, चिंच, सुबाभूळ व वेडी बाभूळ ही प्रमुख होत. जळाऊ लाकडाला वीटभट्ट्या, गुऱ्हाळे व भूम परिसरातील खवाभट्ट्या यांची मागणी असते. राष्ट्रीय महामार्ग ५२ च्या (पूर्वीचा २११) रुंदीकरणात रस्त्याकडेची अनेक जुनी झाडे तोडण्यात आली. (चिंच, आंबा इ. अनुसूचित झाडे तोडण्यास १९६४ च्या राज्य कायद्यान्वये परवानगी लागते. करवत कितीही सुस्थितीत असली तरी.)

करवतीच्या दृष्टीने ही परिस्थिती कठीणच आहे. वाळलेली बाभूळ घट्ट व जड असते. उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते. सालीच्या भेगांत मुरमाची व काळ्या मातीची धूळ भरलेली असते. रस्त्याकडेच्या खोडात खिळे व तारा गाडल्या गेलेल्या असतात. थंड प्रदेशातील ओल्या, मऊ सूचिपर्णी लाकडासाठी ठरविलेला देखभालीचा कालावधी येथे लागू पडत नाही. उत्पादकाच्या पुस्तिकेत हवेची गाळणी आठवड्याने स्वच्छ करण्यास सांगितले असले, तरी येथे ती रोज, आणि वाळक्या लाकडाच्या कामात दिवसातून दोनदा साफ करावी लागते.

रचना : व्यावसायिक करवतीत साधारणपणे ५० ते ७० घ. सेंमी. धारणेचे, हवेने थंड होणारे द्विधाव एंजिन असते. त्याच्या भुजादंडाच्या एका टोकावर चुंबक बसविलेले प्रचक्र व दुसऱ्या टोकावर केंद्रोत्सारी क्लच असतो. एंजिन मंद गतीत मिनिटाला सु. २,८०० फेरे करते. साधारण ३,५०० ते ४,००० फेऱ्यांना क्लच पकड घेतो आणि साखळी फिरू लागते. भाररहित कमाल गती १२,००० ते १४,००० फेरे असून कापताना साखळीचा वेग सेकंदाला २० मी. किंवा त्याहून अधिक असतो. एंजिनात वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलात मिसळलेले तेलच भुजादंड, धारवे व दट्ट्या (कारागिरांचा पिस्टन) यांना वंगण पुरविते. आत येणारे मिश्रण प्रथम भुजापेटीतून जाते. म्हणून या पेटीची हवाबंदता ही सिलिंडराच्या हवाबंदतेइतकीच महत्त्वाची असते. दुरुस्तीतील बहुतेक चुका ही गोष्ट दुर्लक्षिली गेल्याने होतात.

प्राथमिक तपासणी : स्क्रू फिरविण्यापूर्वी यंत्र पाहावे, हा पहिला नियम. कार्ब्युरेटरचे स्क्रू आधी फिरविले की मूळ दोषाचा पुरावा नाहीसा होतो. प्रथम टाकीतील मिश्रण काचेच्या भांड्यात ओतून त्याचा रंग, वास व तळाशी पाणी आहे काय ते पाहतात. नंतर प्लग काढतात. तो ओला असेल तर इंधन पोहोचत आहे, पण पेटत नाही. कोरडा असेल तर इंधनच पोहोचत नाही. काळा व तेलकट प्लग मिश्रण जाड असल्याचे किंवा गाळणी तुंबल्याचे दर्शवितो. पांढरट, भाजलेला प्लग मात्र धोक्याची सूचना होय. प्लगमधील फट सु. ०.५ मिमी. ठेवतात.

यानंतर धूरपेटी म्हणजे सायलेन्सर काढावा. दोन-तीन बोल्ट सोडण्याचे हे काम असून त्याने जेवढे कळते तेवढे अन्य कोणत्याही तपासणीने कळत नाही. निष्कास द्वारातून दट्ट्याची बाजू व त्याची कडी स्पष्ट दिसतात. दोर हळू ओढून संपूर्ण बाजू पाहता येते. ती गुळगुळीत असून यंत्रणाच्या बारीक रेषा शिल्लक असतील, तर एंजिन वाचविण्याजोगे आहे. उभे ओरखडे असतील, तर कार्ब्युरेटर साफ करण्यात वेळ घालविणे व्यर्थ होय. त्याच वेळी सायलेन्सरातील ठिणगीरोधक जाळी पाहावी. ती काजळीने बुजली असेल, तर करवत सुरू होते पण जोर धरत नाही. अशा करवतीवर नवा कार्ब्युरेटर चढविल्याची उदाहरणे आढळतात; दोष केवळ तारेच्या ब्रशाने जाणारा असतो.

संपीडन दाबमापकाने मोजतात. सुस्थितीतील एंजिनात तो सु. १० किग्रॅ./सेंमी.² वा अधिक असतो. ७ च्या आसपास आल्यास गरम एंजिन सुरू होणे कठीण जाते. दाबमापक नसल्यास करवत सुरू करावयाच्या दोराच्या मुठीने उचलून धरतात. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने खाली आली तर संपीडन ठीक. सरळ खाली आली तर कडी झिजलेली असतात.

हवेची गळती : जुन्या करवतीच्या एंजिनाचा सर्वांत घातक दोष हा होय. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी नळी उष्णतेने व कंपनाने तडकते. भुजादंडाच्या दोन्ही टोकांवरील सील कडक होतात. सिलिंडराच्या बुडाचे गॅस्केट सुटते. या वाटांनी गाळणीतून न आलेली हवा आत शिरते व मिश्रण पातळ होते. मिश्रण पातळ झाले की उष्णता वाढते, आणि इंधनाबरोबर येणारे तेलही कमी पडते.

लक्षणे ओळखता येण्याजोगी असतात. मुसळी सोडल्यावरही एंजिनाची गती लगेच उतरत नाही, मंद गती स्थिर राहत नाही, करवत कुशीवर कलती केली की गती बदलते. दुर्दैवाने पातळ मिश्रणावर चालणारे एंजिन बिघडण्यापूर्वी काही काळ अधिक तेजीने, चढ्या आवाजात चालते आणि चालविणाऱ्यास ते सुधारल्यासारखे वाटते. अशा वेळी वेगाचा स्क्रू थोडा उघडून मिश्रण जाड करण्याचा मोह होतो. त्याने लक्षण दडते. गळती मात्र वाढत राहते.

गळतीची निश्चिती दाबपरीक्षेने होते. सायलेन्सरखाली रबराचा तुकडा (सायकलच्या ट्यूबचा चालतो) दाबून निष्कास द्वार बंद करतात, कार्ब्युरेटरच्या जागी पट्टी लावतात आणि आवेगछिद्रातून भुजापेटीत हवा भरतात. रक्तदाब मोजण्याच्या उपकरणाचा फुगा व मापक यांनी हे काम होते. त्यावरील ३०० मिमी. पाऱ्याचा दाब म्हणजे सु. ०.४ किग्रॅ./सेंमी.². काटा अर्धा मिनिट स्थिर राहिला पाहिजे. उतरत असेल तर साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात. ही परीक्षा निर्वात काढूनही करणे आवश्यक असते, कारण काही सील आतील दाबाने अधिक घट्ट बसतात आणि उलट दिशेने ओढल्यावरच गळतात. भुजादंड हाताने वरखाली हलत असेल, तर सील बदलून उपयोग नाही. धारवेच झिजलेले असतात आणि ते नवे सीलही थोड्या दिवसांत फाडतात.

जखडलेला दट्ट्या : एंजिन जखडल्यावर दट्ट्या व सिलिंडर यांचा नवा संच बसवून करवत परत देणे, ही सर्वत्र रूढ असलेली पद्धत आहे. ती अपुरी आहे. ज्या कारणाने पहिला दट्ट्या गेला ते कारण जागेवरच असेल, तर दुसराही जातो, आणि अनेकदा पहिल्यापेक्षा लवकर. रोजंदारीने तोड करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा संच म्हणजे अनेक दिवसांची कमाई असते. ती दोनदा खर्च होणे टाळणे हाच निदानाचा खरा हेतू होय.

निकामी दट्ट्या फेकून न देता वाचावा लागतो. निष्कास बाजूवरच ओरखडे असून भुजापेटीत तेलाचा ओलावा असेल, तर मिश्रण पातळ होते : गळती, तुंबलेली इंधन गाळणी वा चुकीची जुळणी. ओरखडे सर्व बाजूंनी असून भुजापेटी व धारवे कोरडे असतील, तर पेट्रोलात तेलच नव्हते. अंतर्ग्रहण बाजू राखी व निस्तेज झाली असेल व कड्यांच्या खोबणी रुंदावल्या असतील, तर धूळ आत गेली आहे : फाटलेली वा नीट न बसलेली गाळणी. या तिन्हींवरील उपाय निरनिराळे आहेत आणि नवा संच हा त्यांपैकी एकाचाही उपाय नव्हे.

सिलिंडराबाबत एक गैरसमज मोटारसायकलीच्या दुरुस्तीतून आलेला दिसतो. ओतीव लोखंडाचे सिलिंडर बोअर करून मोठा दट्ट्या बसविता येतो. करवतीचे सिलिंडर मात्र ॲल्युमिनियमाचे असून त्याच्या आतील भिंतीवर क्रोमियमाचा वा निकेल-सिलिकॉन कार्बाइडाचा पातळ व अतिशय कठीण थर असतो. बोअर केल्यास हा थर जातो व सिलिंडर कायमचे निकामी होते. तथापि वरून खरवडल्यासारखे दिसणारे प्रत्येक सिलिंडर खराब असतेच असे नाही. पुष्कळदा ते ओरखडे म्हणजे दट्ट्याचे ॲल्युमिनियम भिंतीला चिकटलेले असते. सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक अम्ल कापसाने केवळ त्या डागावर लावल्यास चिकटलेला धातू फसफसून विरघळतो. नंतर पाण्याने धुऊन बारीक पॉलिश कागदाने घासतात. खालचा थर अखंड असेल तर केवळ नवा दट्ट्या पुरतो. फसफसणे थांबतच नसेल, तर थर भेदला जाऊन मूळ सिलिंडरच विरघळत आहे असे समजून काम थांबवावे. अम्ल द्वारांच्या कडांना लागू देऊ नये. हे काम मोकळ्या हवेत, हातमोजे व चष्मा घालून करावे.

इंधन व कार्ब्युरेटर : सामान्यतः ५० भाग पेट्रोलास १ भाग द्विधाव तेल, म्हणजे लिटरला २० मिलि., असे प्रमाण ठेवतात. काही बनावटींना २५ भागांस १ भाग, म्हणजे लिटरला ४० मिलि. लागते. तेल बाटलीच्या टोपणाने अंदाजे न घालता मापाने घालावे. करवत पाच-दहा मिनिटे चालून बंद पडत असेल व टाकीचे झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर टाकीचे श्वसनछिद्र धुळीने बुजलेले असते. टाकीतील नळी बाहेरून चांगली दिसली तरी ताणून पाहावी. चिरा तेव्हाच उघडतात. कार्ब्युरेटरातील पडदा लवचिक असला पाहिजे. तो कडक होऊन खडखडू लागल्यास इंधनाची झडप पूर्ण उघडत नाही आणि एंजिन वेग घेताना घुटमळते. अशा वेळी पडदे व गॅस्केटांचा संच बदलावा. बारीक छिद्रांत तार घालू नये.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलामुळे या कामात नवी भर पडली आहे. भारतात २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलाची विक्री २०२३ पासून सुरू होऊन ते आता सर्वत्र रूढ झाले आहे, तर करवतींच्या अनेक उत्पादकांची अनुमती १० टक्क्यांपर्यंतच असते. इथेनॉलात ऑक्सिजन असल्याने त्याच स्क्रूजुळणीवर मिश्रण काहीसे पातळ पडते. जुने पडदे व नळ्या लवकर बिघडतात. इथेनॉल हवेतील ओलावाही शोषते. ओलावा प्रमाणाबाहेर गेल्यास पाणी व इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी बसतो, इंधन गाळणी नेमकी तेथेच असते, आणि या थरात वंगण तेल फारसे नसते. पावसाळाभर टाकीत ठेवलेले मिश्रण दसऱ्यानंतरच्या तोडीसाठी वापरणे म्हणूनच महागात पडते. काम संपल्यावर टाकी रिकामी करून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि आठ-पंधरा दिवसांपुरतेच मिश्रण करावे.

प्रज्वलन : गार असताना सुरू होणारी, तापल्यावर बंद पडणारी व निवल्यावर पुन्हा सुरू होणारी करवत बहुधा प्रज्वलन कॉइलच्या दोषाने बिघडलेली असते. तथापि कडक उन्हात कार्ब्युरेटरातील इंधनाची वाफ झाल्यानेही असेच घडते. बंद पडताक्षणी प्लग काढून ठिणगी पाहिल्यास दोहोंतील फरक कळतो. कॉइल व प्रचक्र यांतील अंतर सु. ०.२ ते ०.३ मिमी. असते, पोस्टकार्डाच्या कागदाची जाडी त्याच्या जवळपास असते. दोर ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल, तर प्रचक्राची चावी तुटून ठिणगीची वेळ बिघडली आहे काय ते पाहावे. बहुतेक करवतींच्या क्लचला डावे आटे असतात, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. तो सोडताना प्रचक्राच्या पंखांत पेचकस अडकवू नये, पंख तुटतात. प्लगच्या छिद्रातून सुती दोरीचा तुकडा सोडून दट्ट्या अडविणे हा सुरक्षित उपाय होय.

साखळी, पाते व तेल : एंजिनात दोष नसताना ‘करवत ओढत नाही’ ही तक्रार बहुधा बोथट साखळीची असते. धारदार साखळी जाड चिपा काढते. पिठासारखा भुसा पडू लागला की काम थांबवून कानस लावावी. दाताच्या वरच्या पृष्ठावर क्रोमियमाचा थर असतो व धार त्याच्या कडेवर असते. वाळूमातीने वा खिळ्याने ही कड गेल्यास केवळ चकाकी येईपर्यंत घासून भागत नाही. शाबूत थर लागेपर्यंत मागे जावे लागते. ३/८ इंची साखळीस ५.२ ते ५.५ मिमी. व ०.३२५ इंचीस ४.८ मिमी. व्यासाची गोल कानस वापरतात. कोन ३०° असतो. वाळक्या बाभळीसाठी २५° ठेवल्यास धार अधिक टिकते. दातापुढील खोली-नियंत्रक उंचवटा दातापेक्षा सु. ०.६५ मिमी. खाली असावा. जोराने कापावे म्हणून तो अधिक घासल्यास साखळी लाकडात अडकते, झटके देते व क्लच जाळते.

काप एका बाजूस वळत असेल, तर डावे व उजवे दात असमान घासले गेलेले असतात किंवा पात्याचा एक रूळ झिजलेला असतो. पाते उलटसुलट लावत गेल्यास झीज सारखी होते. दंतचक्र म्हणजे स्प्रॉकेट दोन साखळ्यांनंतर बदलतात. झिजलेल्या दंतचक्रावर नवी साखळी चढविणे म्हणजे तीही वाया घालविणे होय. साखळीला तेल मिळते की नाही हे पाहण्यासाठी पात्याचे टोक कोरड्या फरशीपुढे धरून एंजिन वाढवितात. फरशीवर तेलाची रेघ उमटली पाहिजे. वाहनांतून काढलेले जळके तेल या कामी सर्रास वापरले जाते. त्यातील धातूचे कण तेलपंप झिजवितात आणि त्याचे तुषार कामगाराच्या त्वचेवर व श्वासात जातात. तेथील बचत नगण्य आहे.

सुरक्षायंत्रणा : पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागल्यास करवत चालविणाऱ्याच्या चेहऱ्याकडे उसळते. हे एवढ्या झटकन घडते की हाताने आवरणे शक्य नसते. पुढील हातरक्षकाला जोडलेला साखळीब्रेक त्यासाठीच असतो. जुन्या करवतींत हा ब्रेक भुशाने जाम झालेला, त्याचा पट्टा झिजलेला किंवा ‘मध्ये येतो’ म्हणून काढून टाकलेला आढळतो. करवत मध्यम गतीत चालवून मनगटाने हातरक्षक पुढे ढकलल्यास साखळी तत्क्षणी थांबली पाहिजे. तसेच तुटलेली साखळी अडविणारा खुंट, मुसळीची कुलूपकळ व कंपनरोधक रबरे तपासावीत. फुटलेल्या रबरांमुळे बोटे बधिर होतात व पकड सुटते. या भागांशिवाय एंजिन उत्तम चालत असले, तरी करवत दुरुस्त झाली असे म्हणता येत नाही.

अंतिम जुळणी : स्वच्छ गाळणी, धारदार साखळी व पूर्ण तापलेले एंजिन असतानाच स्क्रू जुळवितात. प्रथम ‘एल’ स्क्रू मुसळी दाबताच एंजिन न घुटमळता वेग घेईल असा लावतात, नंतर मंद गती साखळी स्थिर राहील एवढी ठेवतात. ‘एच’ स्क्रू भाररहित पूर्ण वेगात आवाज किंचित फडफडता, चतुर्धाव एंजिनासारखा येईल इतका उघडा ठेवतात. पाते लाकडात शिरताच तो आवाज सलग झाला पाहिजे. लाकडाबाहेरही आवाज सलग व तीक्ष्ण राहत असेल, तर मिश्रण पातळ आहे. ‘एच’ स्क्रू नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक उघडल्याशिवाय फडफड येत नसेल, तर करवत परत न देता पुन्हा दाबपरीक्षा घ्यावी. भुजापेटीस तडा असल्यास किंवा धारव्यांच्या बैठकी सैल झाल्या असल्यास दुरुस्ती परवडत नाही. अशी करवत सुट्या भागांसाठी ठेवतात. कॉइल, क्लचची ढोलकी, टाकीचे झाकण व मुठी हे भाग तिच्यातून दीर्घकाळ मिळत राहतात.